रुमालाखालचं बोलणं

“घाई कोनाले हाय?”

हा आमच्या अडत्यांचा, म्हणजे बाजारात ज्यांच्यामार्फत आमचा माल विकला जाई त्या काकांचा, प्रश्न. उत्तर त्यांना नको असायचं. ट्रकवाला हॉर्न वाजवून कंटाळला, बाहेरगावचा व्यापारी मनगटावरचं घड्याळ दाखवू लागला, की ते चंचीतून एक लवंग काढत, दाढेखाली धरत आणि अगदी मायेने विचारत. समोरचा तिथेच अर्धा विरघळायचा. उरलेला अर्धा ते भावात विरघळवायचे.

मला नेहमीच घाई असे. वलगावच्या वांगी-मेथीच्या शेताच्या तुकड्यावरून उठून मी अमरावतीच्या बाजारात संत्र्याचा व्यापारी झालो, स्वतःचं घर बांधलं, भागीदारीत ट्रक घेतला, ते घाई केली म्हणूनच, असं माझं मत होतं. आजही आहे. अडते मला ‘शेठ’ म्हणत. त्या शब्दात ते जी साखर घालत, तिला मुंग्यासुद्धा लागल्या नसत्या.

त्यांचं घर सगळं वकील-मास्तरांचं. आजोबा भिक्षुकी करायचे, भाऊ काळा कोट घालून कचेरीत जायचे, आणि हे एकटे मांडी घालून संत्र्यांच्या ढिगाशेजारी बसायचे. घरात ते पुस्तकातलं बोलत. बाजारात पाय ठेवला की ‘मले-तुले’ सुरू. मी एकदा डिवचलं, काका, तुमची खरी भाषा कोणती? तर म्हणाले, “ज्या भाषेत शिवी सुचते, थे.”

त्या काळी आमच्याकडे सौदा ओरडून होत नसे. अडत्या आपल्या हातावर रुमाल टाकायचा, समोरचा त्याखाली हात घालायचा आणि भाव बोटांनी ठरायचा. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. हात दाबला की कबूल, काढून घेतला की नाही. भोवती माणसांचं कडं उभं असलं तरी कोणाला काही कळत नसे. शेवटी जो भाव ठरेल तो अडत्या तोंडाने सांगायचा, आणि एकदा त्याने सांगितला की तो मोडायचा नाही. आत घासाघीस काय झाली, कोण कुठे अडला, हे मात्र तो कधी बोलायचा नाही. फिसकटलेला आकडा बाहेर पडला तर शेतकऱ्याच्या मालाची किंमत उतरते. आणखी एक रीत होती. एका घरातले दोघे रुमालाखाली हात घालत नसत. बाप-लेक आपसात सौदा करू लागले तर बाजार आधी हसतो आणि मग संशय घेतो.

माझे वडील माझ्या जन्माआधीपासून आपली भाजी याच अडत्यांकडे आणत. बाबा तोंडाने फार भिडस्त. कोणी काही म्हटलं की त्यांची मान हलायची. शेजाऱ्याने बैल मागितला, हलली. पाहुण्याने मुक्काम वाढवला, हलली. पण रुमालाखाली गेला की त्यांचा हात दगड व्हायचा. अडते माझ्यासमोरच म्हणायचे, “तुह्या बापाची मान बायकोची हाय, हात नवऱ्याचा.” बाबा यावरही मान हलवायचे.

एका हिवाळ्यात बाबा अकोल्याला माझ्या बहिणीकडे गेले होते. सकाळी अंगणात तोंड धुताना पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी जाऊन पोचलो तोवर बहिणीने त्यांना मोठ्या दवाखान्यात दाखल केलं होतं.

मला तो दवाखाना आवडला. फिनेलचा वास, पांढऱ्या चादरी, ठरल्या वेळी येऊन बाबांची कूस बदलणाऱ्या नर्सबाई. पातळ पेज भरवायची ती कशी, मान किती उचलायची, याचं त्यांना शिक्षण होतं. डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, इथेच राहू द्या, मालिश करू, व्यायाम घेऊ, थोडीफार वाचा परत येऊ शकेल. येईल म्हणत नाही, येऊ शकेल. मी आयुष्यभर कच्ची फळं पाहून बगीचे घेतलेला माणूस. तो ‘शकेल’ मी कोणत्याही भावात घ्यायला तयार होतो.

त्याला कारण होतं. माझी आई वलगावच्या घरात तापाने गेली. दवाखाना काही काशीत नव्हता, अमरावतीतच होता. पण तिथे आत कसं शिरायचं, दारावरच्या माणसाशी काय बोलायचं, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं. आम्ही काढे देत बसलो. नंतर मी दारावरच्या माणसाशी बोलायला शिकलो. आज माझ्याशी बोलताना दारावरचे लोक उठून उभे राहतात. मग आता बापाला त्याच अंधाऱ्या खोलीत काढ्यावर नेऊन निजवायचं?

माझ्या मोठ्या भावाला नेमकं तेच करायचं होतं. दादा वलगावला शेती पाहत असे. तो आला, वॉर्डाच्या दारातूनच त्याने बाबांकडे पाहिलं आणि व्हरांड्यात येऊन उकिडवा बसला.

“इथं परकी बाई त्यायचं धोतर बदलवते,” तो म्हणाला. “हे पाहाले मोठं केलं का त्यायनं आपल्याले?”

मी म्हटलं, ती परकी बाई वेळेवर तरी बदलते.

“तुले पैसा आला म्हनून तुनं बाप दवाखान्यात टाकला, असं लोक म्हनून राहिले.”

“लोक माय गेली तेव्हाबी काहीतरी म्हनतच होते,” मी म्हणालो. “त्यायले दुसरं काम काय हाय?”

दवाखान्यातला शिपाई येऊन आम्हाला हळू बोला म्हणाला. मी त्यालाही सोडलं नाही.

बरं, बाबांना विचारावं तर पंचाईत. त्यांना सगळं ऐकू येत होतं, समजत होतं, डोळे स्वच्छ होते. पण दादाने विचारलं, “बाबा, घरी चलता?” मान हलली. मी विचारलं, “बाबा, बरं वाटेपर्यंत इथंच राहाचं ना?” मान हलली. बहिणीने विचारलं, पाणी देऊ? तेव्हाही हलली. दादा म्हणाला, मला हो म्हटलं. मी म्हणालो, मला. तुम्हीच सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

माल पोचवायला मी अमरावतीला परत आलो तेव्हा अडत्यांनी समाचार विचारला. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, काका, तुम्ही एकदा चला. ते तुमचं ऐकतात.

“मान हालवली म्हनतोस?” ते म्हणाले. “मान तर तो म्हशीलेबी हालवून दाखवते. तुले काय पायजे, थे सांग.”

“दवाखाना.”

“बरं,” ते म्हणाले आणि लवंग काढली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते बडनेऱ्याहून गाडीत बसून अकोल्याला आले. वॉर्डात शिरले, बाबांच्या डाव्या अंगाला स्टूल ओढून बसले. हवा-पाण्याच्या गोष्टी नाहीत, कसं वाटतं नाही. खांद्यावरचा रुमाल काढला, बाबांच्या चांगल्या हातावर टाकला आणि त्याखाली आपला हात सरकवला.

आसपासच्या खाटांवरचे लोक कोपरावर उठून पाहू लागले. नर्सबाई घाईने आल्या आणि म्हणाल्या, आजोबा, नाडी डॉक्टर पाहतील. अडते वळलेही नाहीत. “बाई, हे नाडी वेगळी हाय,” म्हणाले.

मी आणि दादा पायथ्याशी उभे होतो. बाबांचं तोंड एका बाजूने ओघळलेलं, पण दुसऱ्या बाजूची भुवई वर चढली, बाजारात चढायची तशीच. रुमाल हलत होता. अडते मध्येच वाकले, बाबांच्या कानात काही पुटपुटले, पुन्हा बोटं सुरू. रुमाल एकदम सपाट झाला. थोड्या वेळाने पुन्हा उंचावला. अडत्यांच्या मानेची शीर टरारली होती. एवढी ताणाताणी मी मोठ्या बगीच्याच्या सौद्यातही पाहिली नव्हती. मनात म्हटलं, माणूस बरोबर निवडला.

शेवटी त्यांनी रुमाल उचलला, घडी केली, खांद्यावर टाकला आणि उठले.

“घरी,” ते म्हणाले.

दादाच्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांना हाताला धरून व्हरांड्यात नेलं.

“मी तुमाले काय सांगून बोलावलं होतं?”

“सांगतलं होतंस.”

“मंग?”

“सौदा झाला. घरी.”

“आत काय बोलनं झालं थे तं सांगा.”

मी काहीतरी अचकटविचकट विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “लेका, बाजारात आज आलास का?” म्हणाले, आणि परतीच्या गाडीला निघून गेले.

मी ऐकलं कशाला, असं तुम्ही विचाराल. माझी बायकोही विचारते. पण अडत्याच्या तोंडून निघालेला शब्द मोडला तर मी बाजारात कोणत्या तोंडाने उभा राहणार होतो? दादाही त्याच बाजारात वाढलेला. बाबाही. आम्हा तिघांमध्ये तेवढी एकच गोष्ट अशी होती की जिच्यापुढे कोणी बोलत नसे. डॉक्टरांना हे सांगून पटण्यासारखं नव्हतं. मी फक्त म्हणालो, वडिलांची इच्छा आहे. त्यांनी मान हलवली. मला तेव्हा हलणाऱ्या मानांचा वीट आला होता.

घर म्हणजे कोणाचं, यावर मात्र मी दादाशी घासाघीस केली. वलगाव नाही, अमरावती, माझ्या घरी. तिथे डॉक्टर येऊ शकतो. दादाने शेवटी मान्य केलं, पण वहिनी तुझ्याकडे येऊन राहील, धोतर ती बदलेल, ही अट घालूनच. संत्र्यांसाठी घालतो तसं ट्रकमध्ये भरपूर गवत अंथरलं, वर गाद्या टाकल्या आणि बाबांना आणलं. वाटेत मूर्तिजापूरला थांबलो तर ते गवताची एक काडी दातांत धरून पडले होते.

मी हट्टाने दवाखाना घरी उभा केला. लोहाराकडून डोक्याकडे उचलता येणारी लोखंडी खाट करवून घेतली. भिंतीला थर्मामीटर टांगलं. इंजेक्शनाला येणाऱ्या कंपाउंडरशी इतकी हुज्जत घातली की तो बिचारा वेळेआधी येऊन दारात बसायचा. एवढं करून दवाखाना झाला नाही तो नाहीच. घरात माणसांचा राबता. प्रत्येक जण येताना काही तरी घेऊन यायचा आणि स्वतःच्या हाताने भरवायचा हट्ट धरायचा. एका मावशीने शिऱ्याचा घास असा दिला की बाबांचा श्वासच अडकला. मी तिला दारापर्यंत पोचवलं, आणि ती पुन्हा माझ्या घरी आली नाही. वहिनी आणि माझी बायको आळीपाळीने जागत. तरी पाठीला जखम झाली. दवाखान्यात झाली असती का? मला नाही वाटत. वाचा शेवटपर्यंत आली नाही. तिथे आली असती का? डॉक्टर ‘शकेल’ म्हणाले होते.

एक सांगितलं पाहिजे. सकाळी वहिनी अंगणात मेथी निवडायला बसली की बाबा तिच्याकडे पाहत राहायचे. तिने एखादी पिवळी काडी जुडीत राहू दिली तर घशातून आवाज काढायचे, आणि ती काढून फेकेपर्यंत थांबायचे नाहीत. वहिनी म्हणायची, सासरे आजारी पडले तरी माझी सुटका नाही. ती हे हसत म्हणायची. मी हिशेबात तेही धरतो.

आणि बाजाराच्या प्रत्येक सुट्टीला अडते यायचे. मी त्यांच्या अडतीला माल घालणं बंद केलं होतं. अकोल्याहून आलो त्या आठवड्यातच बंद केलं, शेजारच्या अडत्याकडे गाड्या लावल्या, त्यांना दिसेल अशा. ते घरी आले की मी मागच्या दाराने गोदामात जायचो. बायको त्यांना चहा द्यायची.

एकदा किल्ली विसरलो म्हणून परत आलो आणि खिडकीतून पाहिलं. दोघांचे हात रुमालाखाली. ना फळ, ना भाजी, खोलीत एक टोपली नाही, आणि सौदा रंगात आलेला. बाबांनी झटक्याने हात काढून घेतला. अडत्यांनी कपाळावर मारून घेतलं, “बुडोलं, या म्हाताऱ्यानं मले बुडोलं.” बाबांचे खांदे हलत होते. ते हसत होते. ओघळलेल्या बाजूने लाळ आली, ती अडत्यांनी त्याच रुमालाने पुसली आणि पुन्हा हात पुढे केला.

मी किल्ली न घेताच गेलो. माझा बाप माझ्या घरात, माझ्या खाटेवर, आणि बोलायचा तो या माणसाशी. मला तो रुमाल टाकता येत नव्हता, कारण मी मुलगा होतो.

संत्र्याला नवी फुलं धरली त्या सुमारास एका दुपारी वहिनी वरणाचं पाणी भरवत असताना बाबा गेले. तिला दोन चमचे कळलंही नाही. अडते आले, मसणवटीपर्यंत चालले, लांब उभे राहिले. मी त्यांच्याकडे गेलो नाही.

पुढे मार्केट कमिटीने रुमाल बंद केला. सौदा उघडा, सगळ्यांसमोर, ओरडून. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते बरंच झालं, मी स्वतः सभेत तसं बोललो. अडते काही दिवस ओट्यावर येऊन बसत. ओरडत मात्र नसत. मग येईनासे झाले. त्यांच्या मुलाने, तो वकील, गाळा दुसऱ्याला दिला.

ते आजारी असून अमरावतीच्या दवाखान्यात आहेत हे कळलं तेव्हा बायको म्हणाली, जाऊन या. समाचाराला जातो म्हणून मी निघालो. खरं म्हणजे भांडायला निघालो होतो. इतक्या वर्षांचं साचलं होतं.

मी गेलो तेव्हा मुलगा पायथ्याशी उभा राहून विनवत होता. घरी सगळी सोय केली आहे, खोली रंगवली आहे, नर्स ठेवतो. अडत्यांच्या पायांवर सूज, दम लागलेला, तरी ते शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, “मला इथे बरं आहे. तू कोर्टाला जा.” मुलगा गेला तसे माझ्याकडे वळले.

“या शेठ.”

मी बसलो नाही. स्टूल नव्हतंच. म्हणालो, “माह्या बापाले घरी पाठोलं अन् सोता इथं लोळून राहिले?”

“तुह्या बापाले घर पायजे होतं. मले नाई पायजे,” ते म्हणाले. “घरी सगळे तोंड बारीक करून खोलीत येतेत. इथं बाजूच्या खाटेवर भातकुलीचा हा पाटील हाय, दिवसभर शिव्या देते. मन लागते.”

बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने दुजोरा म्हणून एक शिवी हासडली.

“त्यायले घर पायजे होतं हे तुमी ठरोलं,” मी म्हणालो. “मी तुमाले माह्याकडून पाठोलं होतं. तुमी दादाकडून झाले.”

त्यांनी उशी पाठीमागे सरकवून घेतली.

“म्या तुह्याचकडून बोललो,” ते म्हणाले. “एक बोट धरलं. म्हटलं, एक महिना राह्य. त्यानं हात काढून घेतला. मंग पंधरा दिवसावर आलो. काढून घेतला. आठावर आलो. कानात सांगतलं, लहान्यासाठी राह्य, त्याची माय घरी मेली, त्याच्या मनात थे बसलं हाय. तवा काढला नाई लगेच. धरून बसला. मंग हळूच काढला.” त्यांना दम लागला. “काढून घेतलेला हात पुन्हा पुन्हा किती वढू, सांग.”

मी उशाशी ठेवलेलं पाणी त्यांना पाजलं.

“हे तवाच सांगाले काय झालं होतं?” मी विचारलं.

“फिसकटलेला आकडा सांगत असतेत काय? अन् तुले सांगतला असता तर तू भाव चढवत बसला असता. बाप तिथंच राह्यला असता, दोघाच्या मधात.” मग म्हणाले, “माल दुसऱ्याले घातला तुनं, थे मातर खराब केलं.”

मी आवाज चढवला. म्हणालो, प्रत्येक सुट्टीला तुम्ही माझ्या दारात आलात, मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं नाही, आणि इतकी वर्षं एक शब्द बोलला नाहीत, हा कुठला न्याय? त्यांनीही आवाज चढवायचा प्रयत्न केला. पाटील मध्ये पडले. नर्सने मला बाहेर काढलं. दारातून मी ओरडून सांगितलं की माझं संपलेलं नाही, मी परत येणार आहे.

लगेच जमलं नाही, बगीच्यांची तोड चालू होती. एका सकाळी वेळ काढून गेलो. त्यांच्या खाटेवर कोरी चादर ताणलेली होती. शेजारी, उशाकडे, एक लाकडी स्टूल.

पाटील माझ्याकडे पाहत होते. “काल गेले,” ते म्हणाले. “तुमीच का थे भांडनारे?”

मी म्हणालो, मीच.

“नर्सबाईच्या मांगं लागून त्यायनं हे स्टूल आनवून घेतलं होतं. म्हने, तो येनार हाय, उभ्यानं भांडते, बसवा लागते त्याले.”

मी स्टुलावर बसलो. नर्स येऊन म्हणाली, आता इथे कोणी पेशंट नाही. मी म्हणालो, माहीत आहे, आणि बसून राहिलो.